साखरेचा भाव सगळ्यांना पाठ असतो

प्रश्न : घरात आम्ही दोघं नोकरी करणारे, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. महिन्याचं वाणसामान नऊ-दहा हजारांचं होतं. मी यादी करून प्रत्येक वस्तू तीन ॲपवर बघते, शिवाय महिन्यातून एकदा मोठ्या दुकानात फेरी असतेच. रविवारची अख्खी सकाळ यात जाते आणि महिनाअखेरीला आकडा तेवढाच. सासूबाई म्हणतात, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे यादी टाक आणि मोकळी हो. खरं स्वस्त कुठे मिळतं, आणि भावांची तुलना करायची तरी कशी?

उत्तर :

ताई, सांगलीत आमचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. आधी वडिलांचं, मग माझं. मी स्वतः २८ वर्षं गल्ल्यावर बसलो. चार वर्षांपूर्वी दुकान आवरलं आणि आता पिशवी घेऊन दुसऱ्यांच्या दुकानात उभा राहतो. त्यामुळे तुम्हाला उत्तर देताना थोडं घरभेद्यासारखं वाटतंय, पण देतो.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. दुकानाबाहेर एक फळा टांगलेला असायचा. त्यावर रोज सकाळी खडूनं तीनच भाव लिहायचे : साखर, शेंगतेल, तूरडाळ. मी नवा बसायला लागलो तेव्हा मोठ्या उत्साहानं त्याखाली जिरं, मोहरी, खोबरं असं लिहायला घेतलं. अण्णांनी ओलं फडकं घेऊन ते पुसून टाकलं. म्हणाले, "साखरेचा भाव रस्त्याला सांगायचा. जिऱ्याचा विचारल्याशिवाय सांगायचा नाही."

आमचा सगळा धंदा त्या वाक्यात होता. साखरेचा भाव सगळ्यांना पाठ असतो. रुपयानं वाढला तरी बाई दारातूनच विचारते, "का हो, वाढवलात?" म्हणून साखरेवर किलोमागे आम्हाला रुपया-दीड रुपया सुटायचा, आणि पोतं फाटून चार किलो सांडली की तोही गेला. साखर, तेल, डाळ ही गिऱ्हाईक आत आणण्यासाठी. कमाई व्हायची ती जिरं, लवंग, वेलची, खसखस, हिंग, काजू-बेदाणे, पापड, उदबत्ती, घासणी असल्या मालावर. शंभर ग्रॅम जिऱ्यामागे आठ रुपये जास्त गेले तर कोणाच्या लक्षात येतं? किलोला ते ऐंशी झाले, पण जिरं किलोनं कोण नेतो?

मोठी दुकानं आणि ॲपवाले हाच फळा वापरतात, फक्त खडूच्या जागी चकचकीत बोर्ड असतो. तुम्ही रविवारी तीन ॲपवर काय बघता, याचा मी अंदाज बांधतो : तेल, आटा, साखर, तूरडाळ, चहा. तुम्ही हे बघणार हे त्यांनाही माहीत आहे. म्हणून या वस्तूंत तिन्हीकडे दोन-चार रुपयांचाच फरक सापडतो. जिथे तुलना करण्यासारखं फार थोडं उरलंय तिथे तुमची सकाळ जाते, आणि जिथे फरक आहे त्या वस्तू "आता हे पण टाकून देते" म्हणत यादीच्या शेवटी न बघता पडतात. आकडा हलत नाही त्याचं मोठं कारण मला हे वाटतं.

यावर औषध म्हणजे भावाची वही, पण लोक लिहितात तशी नाही. मागच्या तीन महिन्यांची बिलं काढा, ॲपमध्ये ती साठवलेली असतातच. सासूबाईंना समोर बसवा. एकीनं वस्तू वाचायची, दुसरीनं किलोचा भाव अंदाजे सांगायचा. ज्याचा भाव बरोबर आला ती वस्तू सोडून द्या, तिथे तुम्हाला कोणी फसवू शकत नाही. ज्याचा अंदाज चुकला ती वहीत. साधारण वीस-पंचवीस नावं निघतील. प्रत्येकासमोर तारीख, दुकान, किलोचा किंवा लिटरचा भाव आणि मालाची जात लिहायची. फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल. मला स्वतःला कागद बरा वाटतो, कारण दुकानात फोन काढला की हात भलतीकडेच जातो.

आमच्याकडे प्राथमिक शाळेतल्या एक बाई यायच्या. पर्समध्ये तळहाताएवढी डायरी. भांडण नाही, घासाघीस नाही. नुसतं डायरीचं पान उलटून म्हणायच्या, "दिवाळीला खसखस या भावानं दिली होतीत." अण्णा मला डोळ्यानं खुणवायचे, "बाईंना बरोबर लाव." बाकीच्यांना आम्ही लुबाडत होतो असं नाही. पण किरकोळ मालाचा भाव सांगताना दुकानदाराकडे चार-पाच रुपयांची सैल जागा असते. ती कोणाच्या बाजूला वळवायची हे समोरचा माणूस बघून ठरतं.

आता वहीत मालाची जात का लिहायची ते सांगतो, कारण तुलना बहुतेक वेळा इथेच फसते. "काजू, अर्धा किलो" हे दोन ॲपवर सारखं लिहिलेलं असतं आणि भावात दीडशेचा फरक दिसतो. काजूला नंबर असतो. ३२० नंबर म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० काजू बसतात, २४० नंबरात २२० ते २४०. म्हणजे नंबर जितका लहान तितका दाणा मोठा आणि भाव चढा. पाकिटावर नंबरच नसेल तर आत काय भरायचं याची भरणाऱ्याला मोकळीक. दिवाळीला डबे भरून द्यायचे असतील तर २४० घ्या. रस्सा वाटायला काजू आणत असाल तर पाकळी किंवा तुकडा आणा. वाटल्यावर सगळे काजू सारखेच आणि पैसे बरेच वाचतात.

साखरेतही एस-३० आणि एम-३० असतात. एमचा दाणा मोठा, भाव थोडा जास्त, गोडीला फरक नाही. तूरडाळीत फटका म्हणजे निवडलेला, एकसारख्या दाण्याचा माल, त्याखाली साधी डाळ, त्याखाली तुकडा. बेदाणा तर आमच्या घरचाच, तासगाव-सांगली पट्ट्यातला : लांब हिरवा सगळ्यात महाग, पिवळा त्याखालचा, काळपट त्याहून खाली. शिऱ्यात घालायला हिरवा लांब बेदाणा नेणारी माणसं मी पाहिली आहेत. मी काही बोललो नाही, गल्ल्यावर होतो.

तांदळात नवा-जुना बघा. नवा इंद्रायणी स्वस्त असतो पण गिचका होतो आणि फुगत नाही. जुना दोन-पाच रुपयांनी महाग, पण वाटीला भात जास्त होतो. चौघांच्या घरात मूठभर तांदूळ रोज कमी लागला तर महिन्याचा हिशोब तुम्हीच करा.

जातीइतकंच वजनही बघायचं असतं, आणि त्यात शिकलीसवरलेली माणसंही फसतात. मागच्या दिवाळीत पुतण्याचा खुशीत फोन आला, "काका, तेलाचा डबा तुमच्यापेक्षा १२० रुपयांनी स्वस्त मिळाला." मी घेतला होता १५ किलोचा डबा, २,२५० रुपयांना. त्यानं घेतला २,१३० ला. म्हटलं, डब्यावरचं वाच. १५ लिटर. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरभर तेल भरतं सुमारे ९१० ग्रॅम. म्हणजे त्याच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या किंचित वर. माझं तेल पडलं १५० रुपये किलो, त्याचं १५६. बी.कॉम. झालेला मुलगा आहे.

पिशवीतल्या तेलातही हेच. बघायला सगळ्या पिशव्या लिटरच्या वाटतात. एकीवर ९१० ग्रॅम, दुसरीवर ८५०. समजा पहिली १४५ ला आणि दुसरी १३८ ला आहे. हात आपोआप १३८ कडे जातो. किलोनं मोजलं तर पहिली १५९ ला पडते आणि दुसरी १६२ ला. पूर्वी चहा, बिस्किटं, आटा, तेल अशा कितीतरी वस्तू ठरवून दिलेल्या वजनांतच भराव्या लागत. ते बंधन आता उठलंय, त्यामुळे ४६५ ग्रॅम, ८५० ग्रॅम अशी वजनं दिसू लागली आहेत. त्याच्या बदल्यात पाकिटावर एमआरपीजवळ ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापायचा नियम आला. तो बारीक अक्षरातला आकडा बघायची सवय लावा, पण त्याच्या दोन खोडी माहीत असू द्या.

एक म्हणजे तो दर एमआरपीवर काढलेला असतो, तुम्हाला दुकानात मिळणाऱ्या सवलतीच्या भावावर नाही. दुसरी खोड जास्त चावट आहे. किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमला देतात आणि तो दोनच दशांशांपर्यंत. समजा छापलंय ०.१८ रुपये ग्रॅम. खरा दर १७५ रुपये किलो असला तरी ०.१८ छापलं जाणार आणि १८४ असला तरी ०.१८ च. किलोमागे नऊ-दहा रुपयांचा फरक त्या दोन आकड्यांत दडून बसतो. म्हणून छापील दर नुसती चाळणी म्हणून वापरा आणि अटीतटीचं असेल तर भागाकार स्वतः करा. किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार. फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहे, लाजायचं कारण नाही.

"मोठा पुडा स्वस्त" हेही आपण डोळे मिटून धरून चालतो. धान्य, डाळी, कपड्यांचा साबण यांत ते बहुधा खरं असतं. पण आपल्याकडे पाच-दहा रुपयांच्या पुड्यांचं गणित निराळं आहे. त्या पुड्यांवर कंपन्यांची आपसात मारामारी असते, कारण खेड्यापाड्यात तेच खपतात. बिस्किटांचे दहा रुपयांचे पुडे आणि त्याच कंपनीचा "फॅमिली पॅक" एकदा ग्रॅमवर मोजून बघा. शॅम्पूची रुपया-दोन रुपयांची पुडी मिलीवर मोजली तर अनेकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. आमच्याकडे लॉजवाले पुड्यांच्या माळा उगाच नेत नव्हते. प्लास्टिकचा कचरा होतो हे खरं, मीही बाटलीच आणतो, पण ती स्वस्त समजून आणत नाही.

आता सवलत. एमआरपी म्हणजे वस्तूची किंमत नव्हे. याहून जास्त घेऊ नका अशी ती वरची रेघ, आणि बहुतेक मालावर ती रेघ कुठे मारायची हे माल बनवणारा किंवा भरणारा स्वतःच ठरवतो. मोठ्या ब्रँडच्या साबण-टूथपेस्टवर दुकानदाराला सुटणारे टक्के थोडे, म्हणून तिथे दहा टक्के सूट म्हणजे खरी सूट. याउलट सुकामेवा, मसाले, डबाबंद खाऊ, दुकानाचा स्वतःचा ब्रँड यांवर "५० टक्के सूट" बघितली की मी आधी समजतो, रेघच दुप्पट उंचीवर मारलेली आहे. एमआरपी खोडून खाली लिहिलेला भाव वहीतल्या भावाशी ताडायचा, खोडलेल्याशी नाही. वहीत बदाम किलोला अमुक लिहिलेले असतील तर पन्नास टक्के आहे की सत्तर, याच्याशी तुम्हाला काही घेणं नाही.

वहीत जुने भाव असतील तर कराची एक तारीख ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला; तूप, लोणी, चीज १२ वरून ५ वर. त्याआधीचा भाव आणि आजचा भाव शेजारी ठेवून "किती स्वस्त दिलं" म्हणू नका. दुकानाने काहीच दिलेलं नसेल, फक्त कर उतरला असेल. धान्यातही करामुळे एक गंमत झाली. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, छापील तांदूळ-डाळ-पिठावर ५ टक्के लागू झाले, त्याच्या वरच्या गोणीवर नाही, आणि तुमच्यासमोर मोजून दिलेल्या सुट्या मालावरही नाही. तांदळाची २६ किलोची गोणी तेव्हापासून का दिसायला लागली, ते यावरून कळेल. सुटा माल नीट निवडलेला मिळत असेल तर तो स्वस्त पडायला हे एक कारण.

सुट्या मालाचा दुसरा गुण मला अनुभवानं दिसला. बाजार उतरला की सुट्याचा भाव आधी उतरतो. २०२४ मध्ये तूरडाळ दीडशेच्या वर होती, २०२५ मध्ये चांगलीच उतरली. दुकान होतं तेव्हा मार्केट यार्डात भाव पडला की आठवड्याभरात आम्हाला पाटी बदलावी लागायची, नाहीतर शेजारचा बदलायचा. पाकिटावर मात्र जुनाच भाव छापलेला, जुना माल संपेपर्यंत तो तसाच राहतो. चढताना उलटं होतं : सुटं आधी चढतं आणि फडताळातलं जुन्या छपाईचं पाकीट काही दिवस स्वस्त मिळतं. २०२५ मध्ये खोबरं आणि खोबरेल तेल भडकलं तेव्हा माझ्या बायकोनं गल्लीतल्या एका छोट्या दुकानात मागे राहिलेल्या जुन्या भावाच्या चार बाटल्या धूळ पुसून आणल्या. मला न सांगता. तेवढी हुशारी माझ्यात नाही.

ॲपवर तुलना करताना वस्तूची नको, शेवटच्या बिलाची करा. हाताळणीचे पैसे, पोचवण्याचे पैसे, बिल छोटं म्हणून पैसे, पावसाचे पैसे, हे सगळं शेवटच्या पानावर येतं. सुरुवातीला कमी भाव दाखवून टप्प्याटप्प्यानं आकार चढवत जाणं, न मागितलेली वस्तू किंवा दान टोपलीत टाकणं, "फक्त दोनच उरले" अशी खोटी घाई करणं, या असल्या १३ युक्त्या केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये अनुचित म्हणून जाहीर केल्या आहेत. जाहीर केल्या म्हणून बंद झाल्या असं मात्र नाही. माझ्याच बिलात एकदा ३९ रुपयांची कसलीशी सदस्यता आली होती. ती काढायचं बटण शोधायला माझ्या नातीला बोलवावं लागलं.

आणि ४०० ची खरेदी ५०० वर नेली की पोच फुकट, या नादात शंभर रुपयांचं जे टाकता, ते यादीत होतं का? नसेल तर पोच तुम्हाला शंभर रुपयांना पडली. मोठ्या दुकानाच्या फेरीलाही हाच नियम. जाऊन-येऊन १२ किलोमीटर, स्कूटरला तीसेक रुपयांचं पेट्रोल, त्यात मुलगी बरोबर असली की वेफर, आइस्क्रीम, प्लास्टिकचा डबा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. (आइस्क्रीमचं निघालंच आहे म्हणून : ते मिलीवर विकतात आणि त्यात हवा फेटलेली असते. त्या डब्याची तुलना मिलीवर न करता ग्रॅमवर करून बघा.)

वर्षाच्या बेगमीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सासूबाई घरात आहेत म्हणजे तो विषय निघणारच. पिकाच्या वेळेला घेतलं की स्वस्त, हे तत्त्व खरं आहे. गहू एप्रिल-मेमध्ये, नवी तूरडाळ जानेवारीनंतर, हळद आणि मिरची फेब्रुवारीपासून उन्हाळाभर, लसूण मार्च-एप्रिलमध्ये, साठवणीचा उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये. दसऱ्या-दिवाळीच्या आसपास जुना कांदा संपत आलेला असतो आणि नवा लाल कांदा पुरेसा आलेला नसतो, तेव्हा भाव चढतात. पण बेगमी ही जागेची, उन्हाची आणि मनुष्यबळाची गोष्ट आहे. फ्लॅटमध्ये दोन क्विंटल गहू कुठे वाळवणार? किड्यानं पंचवीस किलोचा भुगा केला की वर्षाची बचत तिथेच गेली. मी हल्ली हळद, तिखट आणि तूरडाळ एवढीच वर्षाची भरतो, डाळीला एरंडेलाचा हात लावून. गव्हाचं मी दोन वर्षं मोजलं. धान्य, दळणाचे पैसे, गिरणीतली घट, निवडायचा वेळ धरून घरचं पीठ आणि सवलतीत मिळणारं दहा किलोचं पाकीट माझ्या वहीत जवळपास बरोबरीत येतात. तरी मी गिरणीवर जातो. गरम पिठाच्या वासासाठी जातो, हिशोबात ते बसत नाही.

मोठं पाकीट आणलं की खपही वाढतो, हे दुकानात बसून पक्कं कळलं. पाच किलो साखर नेणाऱ्या घराची साखर दोन-दोन किलो नेणाऱ्या तेवढ्याच माणसांच्या घरापेक्षा लवकर संपायची. तेलाचं तर आमच्याच घरी होतं. डबा फोडला की पहिले पंधरा दिवस भजी. म्हणून तेल, साखर, बिस्किटं, फरसाण मी स्वस्त मिळालं तरी महिन्याच्या मापानंच आणतो. साबण जास्त आणला म्हणून कोणी दोनदा आंघोळ करत नाही, तो खुशाल डझनानं घ्या.

आता सासूबाईंचा वाणी. तो एमआरपीवर सूट फारशी देणार नाही, आणि पाकीटबंद मालात तो मोठ्या दुकानाला पुरा पडू शकत नाही, कारण त्याला माल त्या भावानं मिळतच नाही. त्याच्याकडून घ्यायचा तो सुटा माल : डाळी, गूळ, पोहे, रवा, शेंगदाणे, मसाल्याचे जिन्नस. तिथे तुम्ही तळहातावर घेऊन बघू शकता, शंभर ग्रॅम नेऊन पाहू शकता, खवट निघाले तर परत करू शकता. शेंगदाणा खवट निघाला तर ॲपवाला पैसे परत देईल, पण संध्याकाळच्या खिचडीला दाणे कुठून आणणार? एक गोष्ट मात्र सांगतो, वाण्याच्या वहीवर उधार घेऊ नका. उधारीनं भाव वाढतो असं नव्हे, पण वहीवर घेणारा भाव विचारत नाही. महिन्याच्या शेवटी एकच आकडा दिसतो आणि तो भरून मोकळा होतो. आमची सगळ्यात चांगली गिऱ्हाइकं वहीवाली होती, यावरून समजा.

काट्यावर वैधमापन खात्याचा त्या वर्षाचा शिक्का आहे का, ते एकदा बघून ठेवा. आणि मिठाई घेताना खोका आधी ठेवून काटा शून्यावर आणायला सांगा. ८० ग्रॅमचा खोका ८०० रुपये किलोच्या पेढ्यात मोजला की पुठ्ठ्याचे ६४ रुपये होतात. खोक्यासकट मोजणं नियमातच बसत नाही, सणाच्या गर्दीत कोणी बोलत नाही एवढंच. एमआरपीच्या वर घेतलं किंवा असलंच काही झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मुंबई, ठाणे, पुणे या बाजूला राहत असाल तर मुंबई ग्राहक पंचायतीची चौकशी करा. १९७५ पासूनची संस्था आहे. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची यादी एकत्र नोंदवतात, माल एका घरी येतो आणि तिथे वाटला जातो. थोडी कामं वाटून घ्यावी लागतात. आम्हा दुकानदारांना ही मंडळी आवडायची नाहीत, तुम्हाला आवडतील.

तुमच्या रविवारचं असं करा. पाकीटबंद रोजचा माल एका ठिकाणाहून, महिन्यातून एकदा. जिथे तुमचं एकूण बिल तीन महिने सरासरीनं कमी आलं तिथून. ते दुकान ठरलं की सहा महिने बदलू नका आणि दर रविवारी पुन्हा ताडू नका. सुटा माल वाण्याकडून, पंधरा दिवसांनी, रोखीनं. भाजीला ॲप नकोच, तिथे "४५० ते ५५० ग्रॅम" लिहिलेलं असतं आणि ५५० काही येत नाही. वहीतली पंचवीस नावं मात्र महिन्याला पाच-पाच करून तपासत राहायची. वीस मिनिटांचं काम आहे.

सुरुवात वाण्यापासूनच करा. उद्या सासूबाईंना बरोबर घ्या, साखरेचं नावही काढू नका आणि एकदम किलोभर जिऱ्याचा भाव विचारा. तुमच्या वाण्याला उत्तर द्यायला किती वेळ लागला, ते मला कळवा.